पंचगंगा पूर-अभ्यास: सात जणांनी एकाच डेटा-कोडवर काम करायची मांडणी कशी करावी?

प्रयाग_चिखलीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पंचगंगेच्या पुरावर काम करणारा आमचा सात जणांचा गट आहे. तिघं इथं कोल्हापुरात विद्यापीठात, दोघं इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात, एक पुण्याला, एक जर्मनीत. राजाराम बंधाऱ्याची तासातासाची पातळी, धरणांचे विसर्ग, पर्जन्यमापकांच्या नोंदी, उपग्रहाचा पाऊस आणि सेंटिनेल-१ या रडार-उपग्रहाच्या प्रतिमा असा सगळा ऐवज आहे. पायथॉनमध्ये पातळीचा अंदाज बांधायचा आणि हेक-रास या नदी-मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये पाणी कुठवर पसरेल ते काढायचं, असं काम.

सध्या सगळं ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप आणि एका सामायिक ड्राइव्हवर चाललंय. एकाच तक्त्याच्या 'फायनल', 'फायनल नवा', 'फायनल सरांनी पाहिलेला' अशा प्रती फिरतात. एकाच्या लॅपटॉपवर चालणारा कोड दुसऱ्याकडे चालत नाही, आणि चाललाच तर दोघांचे आकडे वेगळे येतात. बरोबर कुणाचे, ते ठरत नाही.

हाताशी एक मोकळा डेस्कटॉप आहे: ३२ जीबी रॅम, २ टीबी डिस्क, उबंटू टाकता येईल. डेटा साधारण ४० जीबी. बहुतेक सगळे विंडोजवाले. परवाने विकत घ्यायला पैसे नाहीत. कोणतं सॉफ्टवेअर, कोणत्या क्रमानं लावायचं, आणि कुठं हमखास गाडी अडते, ते जाणकारांनी सांगावं.

---

कर्नल_परत_मेला

त्या डेस्कटॉपवर 'द लिटलेस्ट ज्युपिटरहब' टाका. एकाच मशीनवर शंभरेक जणांपर्यंतच्या गटासाठी ते बनवलंय, सात जणांना रग्गड झालं. कुबरनेटीसवाल्या (अनेक मशीन जोडून चालणाऱ्या) मोठ्या हबच्या वाटेला जाऊ नका, तो सांभाळायला वेगळा माणूस लागतो. हबमुळे होतं काय, तर प्रत्येक जण आपापल्या ब्राउझरमधून आत येतो, नोटबुक (सेल नावाच्या तुकड्यांत कोड आणि त्याखाली निकाल असलेलं पान) उघडतो, पण पायथॉन एकच, लायब्ररींच्या आवृत्त्या त्याच आणि डेटाही तोच. तुमचं 'माझ्याकडं चालतंय की' हे भांडण निम्मं तिथंच मिटतं.

मशीन कोरं करा, उबंटू सर्व्हर २२.०४ टाका. इन्स्टॉल करायची एका ओळीची आज्ञा हबच्या दस्तऐवजात दिली आहे, तिच्या शेवटी अ‍ॅडमिनचं नाव द्यायचं. आधीच काही वेबसाइट वगैरे चालू असलेल्या मशीनवर हे करू नका, ८० आणि ४४३ या पोर्टांवरून मारामारी होते.

आता अडतं कुठं ते. पासवर्डपासून सुरू करू. मुळातली व्यवस्था अशी आहे की त्या नावानं जो पहिल्यांदा लॉगइन करेल, तो जो पासवर्ड टाकेल तोच कायम होतो. म्हणून इन्स्टॉल झाल्या झाल्या अ‍ॅडमिननं आत जायचं, आणि बाकीच्यांचे पासवर्डही मशीन बाहेरच्या जगाला उघडण्याआधी कॉलेजच्या आतल्या नेटवर्कवरच लावून घ्यायचे.

लायब्ररी टाकताना अ‍ॅडमिननं हबच्या टर्मिनलमधून 'सुडो -ई' लावून कोंडा किंवा पिप (लायब्ररी बसवायची साधनं) चालवायचं. ते '-ई' विसरलं तर पॅकेज उबंटूच्या स्वतःच्या पायथॉनमध्ये जाऊन बसतं. टर्मिनल म्हणतं यशस्वी, नोटबुक म्हणतं असं मॉड्यूलच नाही. याच्या उलटं दुखणं जास्त छुपं आहे: एखाद्यानं आपल्या खात्यातून साधं पिप इन्स्टॉल केलं की ती लायब्ररी त्याच्या घरच्या फोल्डरात पडते आणि सामायिक लायब्ररीच्या आधी वाचली जाते. म्हणजे हब एक असूनही त्याचे आकडे परत वेगळे. नियम करा की लायब्ररी हवी असेल तर अ‍ॅडमिनला सांगायचं. आकडे जुळेनात तर सगळ्यात आधी त्याच्या घरच्या फोल्डरातलं 'डॉट लोकल' उघडून बघायचं.

मेमरीचा हिशेब सोपा आहे. एकाच वेळी बसणारी माणसं गुणिले माणशी मर्यादा, वर सिस्टिमसाठी थोडी. ७ गुणिले ४ जीबी म्हणजे २८, उरलेले ४ उबंटूला. 'टीएलजेएच-कॉन्फिग' या हबच्या सेटिंगच्या आज्ञेनं मर्यादा ४ जीबी करा आणि रीलोड द्यायला विसरू नका, नाहीतर काहीच बदलत नाही. मर्यादा नसेल तर एकानं उपग्रहाच्या सगळ्या फाइली एकदम उघडल्या की सगळ्यांचंच काम बसतं. मर्यादा असली की फक्त त्याचा कर्नल (नोटबुकामागं कोड चालवणारी प्रक्रिया) मरतो. तो मरताना सेलमध्ये नीट एरर येत नाही, नुसतं 'कर्नल रीस्टार्ट होतोय' असं दिसतं, त्यामुळं लोक कोडमध्ये चूक शोधत बसतात. अशा वेळी मर्यादा वाढवू नका. एक्सअ‍ॅरे आणि डास्क या लायब्ररी वापरून तुकड्यातुकड्यानं वाचा, आणि ६४ बिटचे आकडे ३२ बिटवर आणा. पावसाच्या जाळ्याला तेवढी अचूकता पुरते आणि मेमरी निम्मी होते.

दहा मिनिटं हालचाल नसली की हब त्या माणसाचं सत्र बंद करतं. नोटबुकची जतन केलेली फाइल राहते, मेमरीतले चल (व्हेरिएबल) जातात. हा वेळ तासाभरावर न्या. रात्रभराची रन असेल तर एसएसएचनं (आपल्या टर्मिनलमधून थेट मशीनवर) आत जाऊन टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणाऱ्या साधनात) लावा. हबच्याच टर्मिनलमधून सुरू केलेलं काम सत्र बंद झालं की त्याच्यासोबत मरतं, टीमक्समध्ये असलं तरी.

सामायिक डेटासाठी '/एसआरव्ही/डेटा' असा एक फोल्डर करा, मालकी रूटची, बाकीच्यांना फक्त वाचायची परवानगी. त्याचा दुवा '/ईटीसी/स्केल' मध्ये ठेवला की नव्या प्रत्येक खात्यात तो आपोआप दिसतो. पण फक्त नव्या. आधी तयार झालेल्या खात्यांत हातानं द्यावा लागतो. म्हणून आधी फोल्डर, मग माणसं.

आता नेटवर्क. कॉलेजच्या फायरवॉलआड असाल तर दोन दुखणी ठरलेली. एक, पान उघडतं, नोटबुकही दिसतं, पण सेल चालवला की कर्नल नुसता 'कनेक्टिंग' दाखवत बसतो. याचा अर्थ वाटेतला प्रॉक्सी वेबसॉकेट अडवतोय. कोड बघू नका, नेटवर्क विभागाला हा शब्द जसाच्या तसा सांगा. दुसरं, लेट्स एन्क्रिप्टचं (मोफत एचटीटीपीएसचं) प्रमाणपत्र मिळायला बाहेरून ८० नंबरचं पोर्ट पोचावं लागतं, आणि कॉलेजचा आयपी खासगी असेल तर ते पोचत नाही. अशा वेळी टेलस्केल किंवा वायरगार्डचं खासगी जाळं करा आणि हब फक्त त्या जाळ्यात ठेवा. पुणे आणि जर्मनीवाले त्यातून येतील. एचटीटीपीएस नसताना उघड्या इंटरनेटवर लॉगइन ठेवलंत तर पासवर्ड उघडे जातात.

विजेचं म्हणाल तर यूपीएस लावा आणि बायोसमध्ये 'वीज आली की आपोआप सुरू' ही सोय चालू करा. पुराचा अभ्यास करणारा सर्व्हर पुराच्याच आठवड्यात सगळ्यात जास्त लागणार, आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद असताना बटण दाबायला कोण जाणार? मशीन तळमजल्यावर ठेवू नका हे कोल्हापूरकरांना सांगायची गरज नसावी, तरी सांगतो.

---

इशारा_३९_धोका_४३

वरच्या दादांनी हबचं नीट सांगितलंय. पण हब लावण्याच्या आधी आकड्यांची एकच मूळ प्रत करा. तुमचे दोघांचे आकडे वेगळे येण्याचं कारण लायब्ररी असेल असं मला वाटत नाही. बंधाऱ्याची पातळी फूट-इंचात असते, तिथं बघा.

४३ फूट १० इंच ही नोंद लोक ४३.१० अशी लिहितात. एक्सेल तिला आकडा समजतं आणि शेवटचं शून्य खातं. उरलं ४३.१. पुढचा माणूस हे ४३ फूट १ इंच असं वाचतो, आणि पायथॉन ४३.१ फूट असं. खरी पातळी ४३.८३ फूट, म्हणजे १३.३६ मीटर. पायथॉन धरतो १३.१४. फरक २२ सेंटिमीटरचा. धोका पातळी ४३ फुटांवर असताना एवढा फरक म्हणजे सपाट भागात केवढं क्षेत्र आत-बाहेर होतं ते हेक-रासवाल्यांना विचारा.

स्तंभ खराब झालाय का हे ओळखायची खूण आहे. दशांशानंतर .११ दिसतो, पण .१२ ते .१९ कधीच दिसत नाहीत, आणि .१ इतरांच्या दुपटीच्या आसपास येतो (कारण १ इंच आणि १० इंच दोन्ही तिथंच जमा होतात). असं दिसलं की तो फूट-इंचाचा स्तंभ आहे. दुरुस्तीही बरीचशी होते: तासाच्या नोंदी ४२.९, ४२.१, ४२.११ अशा ओळीनं आल्या तर मधला १० इंचच, नदी तासात आठ इंच उतरून पुढच्या तासात दहा चढत नाही. जिथं शेजारच्या नोंदी सांगत नाहीत तिथं मूळ नोंदवहीचं पान बघायचं, अंदाजानं भरायचं नाही, आणि त्या ओळीपुढं 'संशयित' अशी खूण ठेवायची.

यापुढच्या नोंदींसाठी फूट आणि इंच हे दोन वेगळे स्तंभ. मीटर फक्त कोडमध्ये काढायचे: फूट अधिक इंच भागिले १२, गुणिले ०.३०४८. स्तंभाच्या नावातच एकक असू द्या. नोंद फोनवरून होत असेल तर ओडीके किंवा कोबो टूलबॉक्समध्ये फॉर्म करा. रेंज नसली तरी भरता येतो, नंतर पाठवला जातो, आणि इंचाच्या रकान्यावर ० ते ११ चं बंधन घालता येतं. आणि मोजपट्टीचं शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचीवर, तो आकडा डेटासोबतच्या माहितीपत्रकात लिहा. त्याच्याशिवाय पातळी हेक-रासच्या भूभागाशी जुळवता येत नाही.

दुसरी जागा म्हणजे पावसाचा 'दिवस'. हवामान खात्याची २४ तासांची नोंद सकाळी साडेआठला संपते आणि त्याच तारखेला लिहिली जाते. म्हणजे २५ जुलैचा आकडा हा बहुतांशी २४ जुलैला पडलेला पाऊस. उपग्रहाच्या आयमर्ग डेटाची वेळ मात्र यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) असते, आणि यूटीसीचा दिवस आपल्याकडं पहाटे साडेपाचला सुरू होतो. दोन्ही नुसत्या तारखेवर जोडले की उपग्रह चुकीचा आहे असा निष्कर्ष निघतो. बिचाऱ्या उपग्रहाचा काही दोष नसतो. यूटीसी ०३:०० ते ०३:०० अशा ४८ अर्ध्या तासांच्या फाइली घ्या, साडेआठला बरोबर बसतात. आणि बेरीज करताना ध्यानात ठेवा: त्या फाइलीतला आकडा मिलिमीटर प्रति तास असतो, फाइल अर्ध्या तासाची. ०.५ नं गुणलं नाही तर पाऊस दुप्पट होतो. अर्ली, लेट की फायनल रन (त्याच डेटाची लवकरची, थोडी उशिराची की अंतिम प्रत), आणि कुठली आवृत्ती, तेही स्तंभात नोंदवा. कारण अंदाजासाठी वापरता येतात पहिल्या दोनच, फायनल यायला महिने लागतात. फायनलवर शिकवलेलं मॉडेल अर्लीवर चालवलं की ते कागदावर जेवढं भारी दिसत होतं तेवढं राहत नाही.

विसर्गाच्या आकड्यापुढं तो त्या क्षणाचा की दिवसाची सरासरी हे लिहा. पडताळणीसाठी एक सोपा आकडा: ११,५७४ क्युसेक सलग २४ तास म्हणजे १ टीएमसी. धरणाचा साठा किती घटला त्याच्याशी ताडून बघा, आवकही धरून.

वेळा सगळ्या यूटीसीमध्ये साठवा, दाखवताना भारतीय वेळ करा. जर्मनीत वर्षातून दोनदा घड्याळ बदलतं.

जर्मनीवरून आठवलं. तिथलं एक्सेल सीएसव्ही उघडताना अर्धविरामानं तोडतं आणि दशांशाला स्वल्पविराम धरतं. त्या भाऊंनी फाइल उघडून नुसती सेव्ह केली तरी १३.३६ चं १३,३६ होऊ शकतं. म्हणून मूळ फाइल एक्सेलमध्ये उघडायचीच नाही, वाचायची फक्त कोडनं. गावांची नावं देवनागरीत असतील तर सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय, साध्या सीएसव्हीत सगळी प्रश्नचिन्हं होतात. त्या फाइलीच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण येते आणि आर ही भाषा वापरणाऱ्यांना पहिल्या स्तंभाच्या नावापुढं विचित्र अक्षरं दिसतात. वाचताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-बॉम' दिलं की जातात. ४३ ऐवजी '४३' देवनागरीत टाइप केलेलं असेल तर पायथॉनचं इंट फंक्शन ते चक्क बरोबर वाचतं, पण पांडाज ही तक्त्यांची लायब्ररी तक्ता उघडताना तो स्तंभ मजकूर समजतं आणि सरासरी काढताना गडबड होते. तेही तपासा.

---

सर्व्हर_नको_भावा

मी थोडं उलटं बोलतो. सात माणसं, ४० जीबी डेटा. यासाठी स्वतःचा सर्व्हर म्हणजे एक कायमचं काम गळ्यात. अपडेट कोण करणार? डिस्क भरली की कोण बघणार? जो पीएचडीचा विद्यार्थी हे लावतो तो प्रबंध देऊन गेला की मशीन अनाथ होतं, अ‍ॅडमिनचा पासवर्ड त्याच्यासोबत जातो.

त्यापेक्षा: गिटलॅबवर (गिट म्हणजे कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, त्याची ही साइट) खासगी रेपो (प्रकल्पाचं कोठार), प्रत्येकाच्या लॅपटॉपवर मिनीफोर्ज (पायथॉन आणि कोंडा बसवणारं पॅकेज) आणि एक सामायिक एन्व्हायर्नमेंट फाइल (लागणाऱ्या लायब्ररींची यादी). मिनीफोर्ज अशासाठी की ते कोंडा-फोर्ज चॅनेल वापरतं. अ‍ॅनाकोंडाच्या मूळ चॅनेलला २०० पेक्षा जास्त माणसांच्या संस्थांसाठी परवान्याच्या अटी आहेत, त्यात अडकायला नको. फाइल काढताना कोंडाच्या एक्सपोर्टला 'फ्रॉम-हिस्टरी' लावा. नाहीतर विंडोजवरची फाइल लिनक्सवर उघडतच नाही, कारण त्यात त्या त्या सिस्टिमच्या बिल्डची नावं येतात. 'फ्रॉम-हिस्टरी' मध्ये मात्र तुम्ही स्वतः न सांगितलेल्या आवृत्त्या येत नाहीत, म्हणून महत्त्वाच्या लायब्ररींच्या आवृत्त्या फाइलीत हातानं लिहा.

जलशास्त्राचा डेटा वाटायला हायड्रोशेअर आहे, अमेरिकेतली क्वाहसी ही संस्था चालवते, खातं मोफत. तिथं ज्युपिटरही जोडलेलं आहे. गुगल कोलॅबचा मोह टाळा: नोटबुक सामायिक होतं पण मशीन नाही, प्रत्येकाला वेगळं मिळतं, आणि सत्र संपलं की त्यातल्या फाइली गायब.

---

कर्नल_परत_मेला

अनाथ सर्व्हरचं म्हणणं मान्य. म्हणून अ‍ॅडमिन दोघं ठेवा, त्यातला एक कायम नोकरीतला. आणि हब कसं लावलं ते एका साध्या फाइलीत लिहून त्याच रेपोत ठेवा, म्हणजे मशीन जळलं तरी नवं अर्ध्या दिवसात उभं राहतं. पण सेंटिनेल-१ ची एक प्रतिमा जीबीच्या घरात जाते. ती सात लॅपटॉपांवर सात वेळा उतरवणं हे काही खरं नाही. डेटा लॅपटॉपात मावत असता तर मीही सर्व्हर नको म्हणालो असतो.

बॅकअप राहिला सांगायचा. रेस्टिक या बॅकअपच्या साधनानं रोज रात्री पुण्याच्या मशीनवर पाठवा. त्याच खोलीतल्या दुसऱ्या डिस्कवर घेतलेली प्रत पूर, वीज किंवा चोरी यांतल्या कशातच उपयोगी पडत नाही. महिन्यातून एकदा एखादी फाइल बॅकअपमधून परत काढून बघा. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर सगळं गेलं, मागच्या दारानं आत जायची सोय नाही. तो दोघांकडं ठेवा.

---

प्रयाग_चिखलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. पातळीचा स्तंभ तपासला, .११ आहे आणि .१२ पुढचं काहीच नाही. म्हणजे विषय तिथंच होता.

आणखी दोन शंका. एकाच नोटबुकवर दोघांनी काम केलं की गिटमध्ये मोठा गोंधळ होतो, त्याला काय करायचं? आणि हेक-रास विंडोजवर चालतं, ते हबशी कसं जोडायचं?

---

आधी_पुल_मग_पुश

नोटबुकची फाइल आतून जेसन (कंसांत मांडलेला मजकूर) असते. तिच्यात कोडसोबत आउटपुट, सेलचे क्रमांक आणि आलेखांची चित्रंही मजकूर म्हणून भरलेली असतात. तुम्ही काहीही न बदलता नुसता सेल पुन्हा चालवला तरी गिटला फाइल बदललेली दिसते. दोघांनी तसं केलं की मर्ज (दोघांचे बदल एकत्र करणं) अडकतं, आणि जेसनमध्ये एक कंस इकडचा तिकडं झाला की नोटबुक उघडतच नाही.

एनबीस्ट्रिपआउट बसवा. कमिट होताना (बदल गिटमध्ये नोंदताना) ते आउटपुट काढून टाकतं, तुमच्या पडद्यावरचं तसंच राहतं. मेख अशी की त्याची जोडणी प्रत्येकाच्या स्वतःच्या क्लोनमध्ये (रेपोच्या प्रतीत) करावी लागते, रेपोसोबत ती येत नाही. सातातल्या एकानं केली नाही की पुन्हा चित्रं घुसतात. दोन नोटबुकांतला फरक बघायला एनबीडाइम हे साधन. ज्यांना आणखी सरळ हवं त्यांनी जुपीटेक्स्टनं नोटबुकला साधी पायथॉन फाइल जोडावी आणि गिटमध्ये फक्त तीच ठेवावी.

याहून महत्त्वाचं, नोटबुकात फार काही ठेवूच नका. फूट-इंचाचं रूपांतर, पावसाचा दिवस जुळवणं, फाइली वाचणं ही सगळी फंक्शन वेगळ्या पायथॉन फाइलीत काढा, त्यांना छोट्या चाचण्या लावा (४३ फूट १० इंच दिले तर १३.३६ येतात का, ही पहिली), आणि नोटबुकातून फक्त बोलवा. एका नोटबुकचा मालक एकच. दुसऱ्याला बदल हवा असेल तर तो ब्रँच (वेगळी फांदी) काढेल. मुख्य ब्रँचवर थेट पुश (बदल पाठवणं) बंद करा, ही सोय गिटलॅबच्या सेटिंगमध्ये आहे.

हबवर दोघांनी एकाच वेळी एकच नोटबुक उघडून टाइप करायचं असेल तर ज्युपिटर-कोलॅबोरेशन हे एक्स्टेन्शन आहे. चर्चेपुरतं छान. पण कर्नल दोघांचा एकच असतो. तुम्ही वरचा सेल बदलून चालवलात की दुसऱ्याच्या हातातला चल नकळत बदलतो. म्हणून निकाल कुणाला पाठवायच्या आधी 'रीस्टार्ट करून सगळं चालवा' हे बटण दाबायचंच. २०१९ मध्ये गिटहबवरच्या लाखो नोटबुकांचा एक अभ्यास झाला होता. त्यात चालवून बघितलेल्यांपैकी जेमतेम २४ टक्के एररशिवाय शेवटपर्यंत गेली आणि तेच निकाल फक्त ४ टक्क्यांनी दिले. सेल वाटेल त्या क्रमानं चालवणं हे त्यातलं एक मोठं कारण.

विंडोजवाल्यांसाठी आणखी थोडं. ओळीच्या शेवटाच्या खुणा विंडोज आणि लिनक्सच्या वेगळ्या असतात, त्यामुळं एक अक्षर बदललं तरी अख्खी फाइल बदललेली दिसते. रेपोत गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइल टाकून 'टेक्स्ट ऑटो' लावा. फाइलींची नावं देवनागरीत असतील तर गिट त्यांच्या जागी तिरप्या रेघा आणि आकडे दाखवतं. 'कोअर डॉट कोटपाथ' फॉल्स केलं की नावं वाचता येतात. आणि गिटचा फोल्डर गुगल ड्राइव्हच्या किंवा ड्रॉपबॉक्सच्या सिंक होणाऱ्या फोल्डरात कधीच ठेवू नका, दोघं एकमेकांच्या फाइली तुडवतात आणि रेपो बिघडतो. झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या डेटा फोल्डरचंही तेच. संदर्भ वाटायचे असतील तर झोटेरोची ग्रुप लायब्ररी करा. मोफत जागा ३०० एमबी आहे, ती ग्रुपच्या मालकाच्या खात्यातून जाते, म्हणून पीडीएफ न जोडता नुसते संदर्भ ठेवा.

मोठा डेटा गिटमध्ये नको. गिटहब १०० एमबीच्या वरची फाइल घेतच नाही, आणि पुढच्या कमिटमध्ये ती काढली तरी उपयोग नाही, कारण ती इतिहासात बसलेली असते. डीव्हीसी वापरा: गिटमध्ये फक्त फाइलीचा ठसा राहतो, खरी फाइल तुमच्या सर्व्हरवर. त्यात नेहमी होणारी चूक म्हणजे गिट पुश करायचं आणि डीव्हीसी पुश विसरायचं. दुसऱ्याला ठसा मिळतो, फाइल मिळत नाही.

---

टेरेन_सापडत_नाही

हेक-रासचं थोडक्यात. ते गिटमध्ये मर्ज करायच्या भानगडीत पडू नका. भूमिती, प्रवाह आणि प्लॅनच्या (एका रनच्या मांडणीच्या) फाइली एकमेकींना नंबरानं बांधलेल्या असतात. दोघांनी दोन लॅपटॉपांवर नवा प्लॅन केला की दोघांचाही 'पी०२' होतो आणि एकाचा दुसऱ्यावर चढतो. म्हणून मॉडेल एका विंडोज मशीनवर, एका वेळी एकाच्या हातात. गिटलॅबवर एक 'मॉडेल कुणाकडं' असा इश्यू उघडा ठेवा. ज्यानं घेतलं त्यानं तिथं लिहायचं, परत केलं की लिहायचं. प्राथमिक वाटतं, पण चालतं.

भूभागाची फाइल प्रकल्पाच्या फोल्डरातच असू द्या. डी ड्राइव्हवर दुसरीकडं ठेवली की दुसऱ्याच्या मशीनवर नकाशा कोरा येतो. फोल्डरच्या नावात देवनागरी आणि मोकळी जागा टाळा. जर्मनीतल्या मशीनवर विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये दशांशचिन्ह टिंब करून घ्या, स्वल्पविराम असला की हेक-रास आकडे वाचताना अडतं.

हबशी जोडायला वेगळं काही लागत नाही. रनचा निकाल प्लॅनच्या नावापुढं एचडीएफ लागलेल्या फाइलीत पडतो. ती सामायिक फोल्डरात टाका, एच५पाय या लायब्ररीनं पायथॉनमध्ये उघडते. फाइलीसोबत एक छोटी नोंद हवीच: कोणत्या कमिटच्या डेटावर, मॅनिंगचा एन (पात्राच्या खडबडीतपणाचा आकडा) किती धरला, सुरुवातीची पातळी कोणती, हेक-रासची आवृत्ती कोणती.

शोधनिबंध गेल्यावर कोड आणि डेटा झेनोडो या संशोधन-कोठारावर टाका. एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा मिळते आणि डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) मिळतो. प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय असतो आणि सगळ्या आवृत्त्यांना मिळून एक. निबंधात आवृत्तीचा द्या, नाहीतर वाचणाऱ्याला तुम्ही नंतर दुरुस्त केलेला डेटा मिळतो आणि त्याचे आकडे तुमच्या तक्त्याशी जुळत नाहीत. मात्र पूरग्रस्त घरांचं सर्वेक्षण त्यात असेल तर नावं, फोन आणि घरांचे नेमके अक्षांश-रेखांश काढून मगच. आणि सरकारी खात्याकडून मिळालेला डेटा पुढं प्रसिद्ध करायची परवानगी लेखी घ्या, तोंडी होकार संपादक मानत नाही.

---

इशारा_३९_धोका_४३

चिखलीकर, .११ सापडला ना, मग आता जुनी वर्षं दुरुस्त करताना मूळ फाइलीला हात लावू नका. ती वाचण्यापुरती कुलूपबंद, आणि दुरुस्त्यांची वेगळी फाइल: तारीख-वेळ, जुना आकडा, नवा फूट, नवा इंच, कारण, कुणी केली. कोड दोन्ही फाइली वाचून स्वच्छ तक्ता दर वेळी नव्यानं बनवेल. नोंदवहीच्या फोटोंवरून भरायचं असेल तर २०१९ आणि २०२१ चे पुराचे दिवस दोघांनी स्वतंत्रपणे भरा आणि कोडनं जुळवा. बाकीच्या महिन्यांना एकदाच भरलं तरी चालेल. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं त्या नोंदी आधी घ्या, मॉडेल त्यांच्यावरच ताणलं जाणार आहे.